बुडालेल्या नदीकाठाचा हिशेब

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीवरचं ग्रँड कूली धरण १९४२ साली पूर्ण झालं. त्याच्यामागे सुमारे २४० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. कोलव्हिल आणि स्पोकेन या जमातींच्या राखीव प्रदेशांतल्या नदीकाठच्या जमिनी त्यात गेल्या. धरणाला मासे वर चढण्यासाठी वाटच ठेवली नव्हती. समुद्रातून येणारा सामन मासा तिथेच अडला.

सामनबद्दल बरंच बोललं जातं. काठावरच्या प्राण्यांचं काय गेलं, ते मात्र पटकन दिसत नाही. शार्प-टेल्ड ग्राऊस हा तितराच्या कुळातला, टोकदार शेपटीचा पक्षी. एरवी तो गवताळ माळावर राहतो. पण हिवाळ्यात माळावर जाड बर्फ साचला की ग्राऊस ओढ्याकाठच्या वॉटर बर्च झाडांवर जाऊन बसतात आणि फांद्यांवरच्या कळ्या खुडून खातात. माळ कितीही मोठा असला, तरी काठाची ही अरुंद पट्टी गेली की त्यांचा हिवाळा कठीण होतो.

मग भरपाई कशात मोजायची? नुसत्या एकरांत मोजली तर ही पट्टी हिशेबातून निसटते. १९८० च्या कायद्याने धरणांची वीज विकणाऱ्या बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनवर वन्यजीवांच्या भरपाईची जबाबदारी टाकली, आणि तिथे ‘अधिवास एकक’ हे माप वापरात आलं. एखाद्या ठरावीक प्राण्यासाठी जमीन किती चांगली, याला ० ते १ गुण द्यायचे आणि त्याला एकरांनी गुणायचं. समजा, ग्राऊससाठी ०.३ गुणांची १०० एकर जमीन आहे, म्हणजे ३० एककं. गवत आणि झुडपं सुधारून गुण ०.७ झाले, की ७०.

खरा वाद इथेच झाला. जमीन विकत घेतली त्याच दिवशी ती ३० एककं भरपाईत धरायची का? ती तर आधीपासूनच होती. नवीन मिळाली ती फक्त ४०. मला जमातींच्या बाजूचा हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. आपल्याकडचा वनसंवर्धन कायदाही १९८० चाच. पण त्याखालच्या पर्यायी वनीकरणात, म्हणजे घेतलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावण्यात, मुख्य हिशेब हेक्टरांचा आणि रोपांचा असतो. तिथे कोणता प्राणी राहू शकेल, हा प्रश्न मागेच पडतो.

कोलव्हिल जमातीने बॉनव्हिलच्या भरपाईच्या निधीतून जमिनी परत मिळवल्या. अशा जमिनींवरचं काम संथ असतं. गुरांची चराई थांबवायची, जुन्या शेतांत देशी गवताचं बी पेरायचं, परकं तण पुन्हापुन्हा काढायचं. लावलेली बर्च कळ्यांनी भरायला वर्षं जातात, आणि पक्षी बाहेरून आणून सोडले तरी ती झाडं नसतील तर ते टिकत नाहीत.

तरीही या मापात न बसणारं एक नुकसान आहे. सामन अंडी घालून मरतो, तेव्हा समुद्रातलं नायट्रोजन त्याच्या देहातून ओढ्यांत आणि काठच्या झाडांत उतरतं. अस्वलं, गरुड त्याच्यावर पोसतात. त्यामुळे वन्यजीवांची भरपाई आणि माशांची भरपाई वेगवेगळ्या खात्यांत ठेवणं मला चूक वाटतं. २०१९ मध्ये कोलव्हिल जमातीने चिनूक सामन धरणांच्या वरच्या पाण्यात नेऊन सोडायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी या जलाशयाला मिळणाऱ्या सॅनपॉइल नदीत या माशांनी अंडी घातलेली आढळली.