बाटली जांभळी झाली म्हणजे जुनी झाली का?

परवा एका जाहिरातीत पिकल्या जांभळासारखी गडद जांभळी बाटली पाहिली. खाली मजकूर: ‘शंभर वर्षं जमिनीत गाडली गेल्याने काचेला नैसर्गिक रंग चढला आहे.’ किंमत सांगत नाही, उगाच कोणाला मोह व्हायचा. पण काच जमिनीखाली जांभळी होत नाही. होते ती उन्हात.

घरातल्या टीपॉयवरची साधी काच कडेने पाहा, हिरवट दिसेल. वाळूत थोडं लोह असतंच, हा त्याचा रंग. तो घालवायला काचकारखान्यांत मँगनीज डायऑक्साइड टाकत. लहानपणी सेल फोडल्यावर हात काळे करायची तीच पूड. (आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं खनिज सेलसाठीच नावाजलेलं.) काचेतली हिरवट झाक धुऊन काढते म्हणून तिला काचकामगारांचा साबण म्हणायचे.

आता गंमत. हा साबण काचेतच राहतो. तिथे मँगनीजच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि बाहेरच्या पाच कप्प्यांत पाच इलेक्ट्रॉन एकेकटे बसलेले असतात, सगळ्यांची फिरकी (स्पिन, इलेक्ट्रॉनचा स्वतःभोवती फिरल्यासारखा गुण) एकाच दिशेला. प्रकाश शोषून यातल्या एखाद्याला वरच्या कप्प्यात उडी मारायची तर फिरकी उलटवावी लागते, आणि पुंजभौतिकीच्या (क्वांटम फिजिक्सच्या) नियमांत ते जवळपास निषिद्ध. म्हणून प्रकाश आरपार जातो, काच पांढरी स्वच्छ. मग वर्षानुवर्षं ऊन लागतं. त्यातले अतिनील किरण आणखी एक इलेक्ट्रॉन हुसकावतात, तो शेजारच्या लोहाकडे वगैरे अडकतो. एक कप्पा रिकामा झाला की फिरकी न बदलताही उडी मारता येते. हिरवा-निळसर प्रकाश शोषला जातो आणि उरतो तो जांभळा. पुंजभौतिकी जड गेली असेल तर एवढंच धरा: ऊन एक इलेक्ट्रॉन हलवतं आणि काच रंगते. मायकेल फॅरडे यांनी 1820 च्या दशकातच खिडकीच्या काचांवर हा प्रकार नोंदवला होता.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ऱ्हायोलाइट नावाचं गाव आहे. 1904 मध्ये तिथे सोनं सापडलं, दोन-तीन वर्षांत गाव फुगलं आणि 1920 च्या आत ओस पडलं. अशा गावांच्या उकिरड्यांवर उघड्यावर पडलेल्या बाटल्या जांभळ्या होतात. त्याच भट्टीतली खड्ड्यात खोल पुरलेली पांढरीच निघते. अमेरिकेत बिनरंगी बाटल्यांत मँगनीज साधारण 1880 ते 1920 भरपूर वापरलं गेलं, नंतर त्याच्या जागी सेलेनियम आलं. म्हणजे रंगावरून काळाचा अंदाज बांधता येतो, पण ढोबळच. शिवाय गॅमा किरणांच्या माऱ्याने हाच रंग झटपट चढवता येतो, आणि तो बहुधा फारच गडद चढतो. जाहिरातीतल्या बाटलीवर माझा संशय तोच. भट्टीत तापवली की जांभळा रंग निघूनही जातो. ‘जांभळ्या काचेत सूर्याची ऊर्जा साठते, त्यात पाणी ठेवून प्या’ म्हणणाऱ्यांना हा प्रयोग कोणीतरी करून दाखवायला हवा.

मग वय कसं ठरवायचं? नखाने. बाटलीच्या बाजूने साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडाची उठलेली रेघ, चाचपत वर जा. ती मानेतच विरली, तर तोंड बहुधा हाताने घडवलेलं. थेट ओठावरून पलीकडे गेली, तर बाटली यंत्राची. ओहायोतल्या टोलिडोच्या मायकेल ओवेन्स यांनी 1903 च्या सुमारास पूर्ण स्वयंचलित यंत्र चालवून दाखवलं, बहुधा त्यानंतरची. त्या यंत्राची बाटली असेल तर बुडावर किंचित तिरपा, मध्यापासून सरकलेला वर्तुळाकार व्रणही सापडतो. अमेरिकी दारूच्या बाटलीवर ‘ही बाटली विकण्यास किंवा पुन्हा वापरण्यास मनाई’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उठवलेली असेल तर काम फारच सोपं: ती सक्ती 1935 ते 1964 एवढीच होती.

नुसत्या आकारावर मात्र जाऊ नका. गळ्यात गोटी अडकवलेली बाटली हायरम कॉड यांनी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आणली. तिथल्या जुन्या उकिरड्यांत ती सापडली की संग्राहक हरखतात. आपल्याकडे तिच्यात अजून गोटी सोडा मिळतो.