मॉर्डिकाय ब्राऊन

(१९ ऑक्टोबर १८७६ – १४ फेब्रुवारी १९४८). अमेरिकन बेसबॉलपटू, ‘तीनबोट्या’ ब्राऊन म्हणून प्रसिद्ध. जन्म इंडियाना राज्यातील नाइझव्हिल येथे. लहानपणी शेतावरच्या चारा कापण्याच्या यंत्रात उजवा हात सापडला. तर्जनीचे जेमतेम खुंट उरले. पुढे पडल्यामुळे त्याच हाताची आणखी बोटे मोडली. मधले बोट वाकडे बसले, करंगळी निकामी झाली.

कोळसा खाणीत काम करत तो कॉक्सव्हिलच्या स्थानिक संघात तिसऱ्या बेसवर (मैदानातील चार थांब्यांपैकी एकावर) क्षेत्ररक्षण करे, पण तिथून पहिल्या बेसकडे फेकलेला चेंडू हवेत वळे. क्षेत्ररक्षकाला हा दोषच. पिचरला, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याला, मात्र तेच हवे असते आणि ब्राऊन पिचर झाला. खुंटाच्या दाबामुळे चेंडूला पुढच्या दिशेने जोरदार फिरकी मिळे आणि १८.४४ मीटरवरच्या बॅटरपाशी पोहोचता पोहोचता तो एकदम खाली बसे. बॅट चेंडूच्या वरच्या भागावर लागली की फटका जमिनीलगत जाई आणि टिंकर, एव्हर्स, चान्स हे पुढे शिकागो कब्ज संघात त्याच्यासोबत असलेले, बेसजवळचे क्षेत्ररक्षक बॅटरला बाद करत. त्याचे यश केवळ मोडक्या हाताचे मानणे अन्यायाचे आहे. अचूक फेक आणि चपळ क्षेत्ररक्षण ही त्याची कमाई होती.

१९०३ मध्ये तो सेंट लुईस कार्डिनल्सकडून प्रमुख लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, आला. संघ तळाला राहिला आणि मोसमानंतर त्याची अदलाबदल शिकागो कब्जशी झाली. १९०६ मध्ये त्याने २६ सामने जिंकले, ६ हरले. दर ९ डावांमागे त्याच्या खात्यावर अवघ्या १.०४ धावा लागल्या. १९०६ ते १९११ या सहाही मोसमांत त्याचे किमान २० विजय आहेत. कब्जने १९०७ व १९०८ ची जागतिक मालिका (दोन प्रमुख लीगच्या विजेत्यांमधील अंतिम लढत) जिंकली.

८ ऑक्टोबर १९०८ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध लीगचे विजेतेपद ठरवणारा सामना होता. पहिल्याच डावात कब्जचा पिचर फिस्टर डळमळला. एक धाव गेली, दोघे बेसवर होते. ब्राऊनने त्याच्या जागी येऊन बॅटर डेव्हलिनला बाद केले आणि शेवटपर्यंत गोलंदाजी करत जायंट्सचा पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन याच्यावर ४–२ अशी मात केली.

अशा वापराची किंमत मोठी होती. स्वतः सामना सुरू करायचा आणि मधल्या दिवशी दुसऱ्याचा सामना वाचवायलाही जायचे. १९०९ मध्ये त्याने ३४२ डाव टाकले. १९११ मधील ५३ सामन्यांपैकी २७ च त्याने सुरू केले होते. १९१२ मध्ये गुडघा दुखावला आणि विजय ५ वर आले. नंतर सिनसिनाटी, मग १९१४–१५ मध्ये फेडरल लीग ही प्रतिस्पर्धी स्पर्धा. १९१६ मध्ये तो कब्जकडे परतला आणि ४ सप्टेंबरला मॅथ्यूसनविरुद्धच प्रमुख लीगमधला शेवटचा सामना १०–८ असा हरला.

एकूण कामगिरी : २३९ विजय, १३० पराभव, धावांची सरासरी २.०६. १९४९ मध्ये, मृत्यूनंतर वर्षभराने, कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेममध्ये (श्रेष्ठ बेसबॉलपटूंच्या सन्मानदालनात) त्याची निवड झाली.