कॅन्सर सपोर्ट ग्रुप

कॅन्सरचे पेशंट, त्यातून बरे झालेले लोक आणि त्यांचं सगळं करणारे घरचे, हे ठरलेल्या वेळी जमून एकमेकांशी बोलतात त्या गटाला सपोर्ट ग्रुप म्हणतात. काही ग्रुप हॉस्पिटलमधले समुपदेशक चालवतात, काही जुने पेशंटच, आणि हल्ली बरेचसे व्हॉट्सॲपवरच असतात.

अमेरिकेत टेरीस लॅसर या बाईंनी स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर 1952 च्या सुमारास तशाच ऑपरेशनच्या इतर बायकांना हॉस्पिटलात जाऊन भेटायला सुरुवात केली, त्यातून पुढे 'रीच टू रिकव्हरी' हा अशा भेटींचा उपक्रम उभा राहिला. मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन 1969 पासून आणि व्ही केअर 1994 पासून पेशंटांना आधार द्यायचं काम करतायत. पण खरं सांगायचं तर कुठेही नोंद नसलेला ग्रुप बघायचा तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बघावी, परळच्या टाटा हॉस्पिटलचे बाहेरगावचे पेशंट नातेवाईकांसोबत तिथे राहतात आणि शेजारच्या खाटेवरचा माणूसच आपोआप सल्लागार होतो.

फायदा नेमका काय? ग्रुपमुळे आयुष्य वाढतं अशी आशा 1989 मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासाने दाखवली होती, पण 2001 मध्ये 235 महिलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, मनाचा त्रास आणि दुखणं मात्र कमी जाणवलं, विशेषतः ज्या आधीपासून जास्त खचलेल्या होत्या त्यांना. म्हणजे ग्रुप हा उपचार नाही, पण उपचार चालू असतानाचे दिवस सुसह्य करतो, आणि हे काही थोडं नाही.

डॉक्टरांच्या ओपीडीत पाच मिनिटांत जे विचारायचं राहून जातं ते इथे मिळतं. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशन झालं की लाळ आटते, जिभेला तिखट जराही सोसत नाही, मग कुणीतरी सांगतं की पोळी दुधात कुस्करा, भात मिक्सरला फिरवा, पाण्याची बाटली उशाशी ठेवा आणि तोंड उघडायचा व्यायाम कंटाळा आला तरी सोडू नका. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटला पूर्ण आणि सोबतच्याला 75 टक्के सवलत असते, हेही बऱ्याच जणांना ग्रुपमध्येच पहिल्यांदा कळतं.

घरच्यांची गोष्ट वेगळी, आणि ती सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत "त्यांना सांगू नका हं, खचतील" असं ठरतं, मग बायको किंवा मुलगा फाईल लपवत, हसरा चेहरा ठेवत महिनोन्महिने एकटेच कुढतात. पेशंटसमोर त्यांना चिडता येत नाही, पैसे संपत आले म्हणता येत नाही, कधी कधी "सुटू दे आता" असं मनात येतं तेही बोलता येत नाही. म्हणून त्यांची बैठक वेगळी घ्यावी, एकत्र बैठकीत ते "सगळं बरं आहे" एवढंच बोलून गप्प बसतात.

सगळ्यांना ग्रुप मानवतो असंही नाही. दुसऱ्याचा आजार उलटल्याचं ऐकून काहींची झोप उडते, त्यांच्यासाठी एकट्याने समुपदेशकाकडे जाणं बरं. व्हॉट्सॲपवर तर लक्ष्मणफळ, गोमूत्र, खायचा सोडा असले रामबाण उपाय धडाधड येतात आणि त्यापायी केमो मध्येच सोडणारे लोक असतात. म्हणून चांगले ॲडमिन असे मेसेज लगेच उडवतात आणि औषधाच्या डोसवर चर्चाच होऊ देत नाहीत.