सुरुवातीच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके: आकडा कसा वाचावा

रिपोर्टवर ‘एफएचआर १०८’ (एफएचआर म्हणजे गर्भाचे मिनिटाला पडणारे ठोके) असे दिसले, तर ते चांगले की वाईट? शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे झाले असतील तर ठीक, आठ झाले असतील तर कमी. म्हणून ठोके नेहमी सीआरएलसोबत, म्हणजे गर्भाच्या लांबीसोबत वाचायचे.

हृदयाची धडधड साधारण साडेपाच ते सहा आठवड्यांत दिसू लागते. तेव्हा ठोके मिनिटाला १०० ते ११५ च्या आसपास असतात. नवव्या आठवड्यात ते १७० च्या घरात जातात, मग हळूहळू उतरतात. सीआरएल ५ मिमीपेक्षा कमी असताना १०० च्या खाली, किंवा ५ ते ९ मिमी असताना १२० च्या खाली आले, तर आम्ही सोनोग्राफी करणारे ठोके मंद धरतो. ८० च्याही खाली असतील, तर गर्भ बहुतेकदा टिकत नाही.

पण एका आकड्यावर निर्णय नको. पाळी उशिरा येणाऱ्यांत गर्भ तारखेपेक्षा लहान असू शकतो. तीन-चार मिलिमीटरच्या गर्भावरून मोजणीची रेघ सहज सरकते, कधी आईचीच नाडी पकडली जाते. म्हणून आम्ही एम-मोडवर, म्हणजे हृदयाची हालचाल आलेखासारखी दाखवणाऱ्या पद्धतीने, तीनदा मोजतो. दोन ठोक्यांत ०.५ सेकंद असेल तर १२०, ०.४ असेल तर १५०. ठोके ऐकवण्याचा आग्रह कृपया धरू नका; त्यासाठी लागणाऱ्या डॉप्लरची (ठोके ऐकवणाऱ्या ध्वनिलहरींची) ऊर्जा इतक्या कोवळ्या गर्भावर विनाकारण पडू नये.

ठोके मंद असतील, तर ७ ते १० दिवसांनी पुन्हा तपासणी करायची. आकडा सुधारला तर आशा नक्की वाढते, तरी पहिले तीन महिने लक्ष ठेवावे लागते. सीआरएल ७ मिमी किंवा जास्त असूनही आतून (योनीमार्गातून) केलेल्या सोनोग्राफीत ठोके नसतील, तर गर्भ वाढत नाही असे मानतात.

जिना चढला, प्रवास केला, पपई खाल्ली म्हणून ठोके मंदावत नाहीत. कारण बऱ्याचदा गर्भाच्या गुणसूत्रांतच असते. घरात कोणी सुनेला दोष देत असेल, तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. ठोक्यांवरून मुलगा-मुलगीही कळत नाही, आणि लिंग सांगणे किंवा विचारणे हा गुन्हा आहे.

येताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख, जुने रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र आणा; एफ फॉर्म (गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार सोनोग्राफीची नोंद) भरावा लागतो. आतून तपासणी असेल तर लघवी करून या. तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, एका बाजूला तीव्र दुखणे किंवा चक्कर असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट रुग्णालयात जा.