दुपारचं ऊन, पहाटेची आंघोळ

जानेवारीतल्या एका दुपारी बाराच्या सुमारास मी गिझर लावला, तर आईने आतून विचारलं, "आत्ता कोण आंघोळ करणार आहे?" कोणीच नाही. पण आमच्या कोथरूडच्या गच्चीवरचे तीन किलोवॉटचे सौर पॅनेल त्या वेळी दोन किलोवॉटच्या वर वीज देत होते, घरात फ्रिज सोडला तर काही चालू नव्हतं, आणि उरलेली सगळी वीज मीटरमधून बाहेर चालली होती. ती वीज पाण्यात साठवून ठेवावी, एवढाच माझा उद्योग.

पाणी उष्णता साठवण्यात फार दिलदार आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोजूल लागतात आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोजूल. आमचा गिझर २५ लिटरचा. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं धरलं आणि ते ६० पर्यंत न्यायचं म्हटलं, तर जेमतेम १.१६ युनिट लागतं. २,००० वॉटच्या कॉइलला त्याला पस्तीस मिनिटं पुरतात. लगेच वापरायचं तर त्यात तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ५० लिटर, म्हणजे २० लिटरच्या अडीच बादल्या. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट साठवते. म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीवर पाऊण नाही, तरी निम्म्याहून मोठी बॅटरी आधीच टांगलेली आहे, आणि तिच्यात दर काही वर्षांनी हजारो रुपये ओतावे लागत नाहीत. फक्त ही वाट एकेरी. तापलेल्या पाण्यातून पंखा फिरवता येत नाही.

रात्रभरात पाणी निवत नाही का? निवतं. दुपारी एकला ६० अंशांवर सोडलेलं पाणी पहाटे सहाला मी थर्मामीटरने मोजलं, ५० भरलं. टाकीभोवती पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, थर चांगला असेल तर एवढंच. जुन्या, पातळ वेष्टनाच्या गिझरवर हा खेळ करू नये. तिथे दुपारची कमाई रात्री भिंतच खाते.

खरी अडचण वेगळीच आहे. गिझरला "थोडंसं" कळत नाही, लागला की पुरे २,००० वॉट ओढतो. ढग आला आणि शिल्लक ७०० वॉटवर उतरली, तर उरलेले १,३०० आपण ग्रिडकडून, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्यातून, घेतो, आणि वर फुकटात पाणी तापवल्याचं समाधान मानतो! यासाठी डायव्हर्टर नावाचं उपकरण असतं. मुख्य वायरभोवती एक कडं बसवतात. वीज बाहेर चालली आहे की आत येते आहे आणि किती, हे ते सतत पाहतं. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. शिल्लक ७०० वॉट असेल तर उपकरण त्या पन्नासातली सतरा-अठराच कॉइलपर्यंत जाऊ देतं, बाकीची अडवतं. कॉइल म्हणजे नुसती तापणारी तार, तिला अशी तुटक वीज चालते. फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर मात्र हा प्रयोग केलात तर मेकॅनिकला बोलवावं लागेल.

आता पुणेरी प्रश्न: यात वाचतात किती? तुमच्याकडे नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, असेल तर स्पष्टच सांगतो, डायव्हर्टर घेऊ नका. दिवसा बाहेर गेलेलं युनिट बिलात वळतं होतं, तेव्हा ग्रिडच तुमची बॅटरी. मार्चअखेर जी युनिटं शिल्लक राहतात, त्यांना मिळणारा भाव आपण विकत घेतो त्या युनिटपेक्षा बराच कमी असतो. दरवर्षी असं बरंच उरत असेल तर १६ अँपिअरचा साधा टायमर लावून गिझर दुपारी बारावर आणावा, पुरे. डायव्हर्टरला खरा अर्थ आहे तो ज्यांची वीज बाहेर जाऊच शकत नाही त्यांच्याकडे: पॅनेल बसलेत पण नेट मीटरची वाट पाहताहेत असे लोक, किंवा शहराबाहेरची बॅटरीवर चालणारी शेतघरं, जिथे बॅटरी अकरालाच भरते.

आणि गच्ची मोकळी असेल, पॅनेल अजून घेतलेच नसतील, तर निव्वळ आंघोळीसाठी वीज कशाला? नळ्यांचा सोलर वॉटर हीटर उन्हातली निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता थेट पाण्यात उतरवतो. पॅनेलच्या हाती उन्हातला साधारण पाचवा हिस्सा लागतो. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार धरतो ही त्याची खोड, पण तो क्षार कॉइललाही सोडत नाही.

पुण्याची हवा या बाबतीत अर्धीच सोबत करते. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि हवा गार. पॅनेल तापलं की दर अंशामागे त्याची वीज ०.४ टक्क्यांच्या आसपास घटते, त्यामुळे गारठा त्याला मानवतो; नेमकं तेव्हाच आपल्याला गरम पाणी लागतं. मे महिन्यात वीज उतू जाते, पण गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच इतकं तापलेलं असतं की गिझरचं बटण कोणी पाहत नाही. जुलैत सलग चार दिवस ऊन दिसलं नाही तेव्हा पाचव्या दिवशी पहाटे आईने टायमर बाजूला काढला, बटण दाबलं आणि मला म्हणाली, "आज महावितरणचं पाणी आहे, बेतानं घे."