असाल्टो

असाल्टो : दोघांनी खेळायचा, वेढा आणि गडबचाव या कल्पनेवर उभा असलेला युरोपीय पटखेळ. दोन्ही बाजू विषम असतात. एकीकडे गड राखणारे २ अधिकारी, तर दुसरीकडे गडावर चालून येणारे २४ शिपाई. एकोणिसाव्या शतकात तो जर्मनी, इंग्लंड आदी देशांत छापील पटावर विकला जाई. १८५७ च्या उठावानंतर इंग्लंडमध्ये त्याची एक वाढवलेली आवृत्ती ‘ऑफिसर्स अँड सिपॉइज’ (अधिकारी आणि शिपाई) या नावाने निघाली. तिचा पट मोठा असून अधिकारी तीन असतात. हिंदुस्थानातील लढाईशी या खेळाचा संबंध जोडला जातो तो या आवृत्तीमुळे.

उगम : असाल्टो हा एका कोल्ह्याला हंसांच्या जमावाने कोंडायच्या ‘कोल्हा आणि हंस’ या जुन्या खेळाचा फाटा आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो त्या मूळ खेळाच्या वयाबद्दल. चौदाव्या शतकाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या आइसलँडच्या ग्रेटिर-गाथेत ‘हालाताफ्ल’ असा शब्द येतो. काहींनी तो हाच खेळ मानला, पण मजकुरात पटाचे वा नियमांचे वर्णन नसल्याने हा पुरावा पातळ आहे. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड (कार. १४६१–८३) याच्या हिशेबांत सोन्याचा मुलामा दिलेले चांदीचे २ कोल्हे आणि ४६ शिकारी कुत्रे यांची नोंद आहे. ही साक्ष अधिक भक्कम, तरी अडचण आहेच. दोन संच धरले तर एका कोल्ह्यामागे २३ कुत्रे येतात आणि पुढे रूढ असलेल्या १३ किंवा १७ हंसांशी हा आकडा जुळत नाही. कॅस्टीलचा राजा दहावा अल्फान्सो याने १२८३ मध्ये सिद्ध करवलेल्या हस्तलिखितात अलकेर्क या जुन्या पटखेळाच्या २५ बिंदूंच्या पटावर ससा घेरण्याचा खेळ दिला आहे. एकट्या चपळ सोंगटीला मंद जमावाने कोंडायचे, ही कल्पना युरोपात निदान तेवढी जुनी धरायला हरकत नाही.

आपल्याकडील वाघबकरीशी नाते जोडण्याचा मोह होतो, कारण वाघबकरीचाच नेपाळी प्रकार असलेल्या बाघचालचा पटही २५ बिंदूंचाच आहे. मात्र बाघचालमध्ये ४ वाघांसमोर २० बकऱ्या एकेक करून पटावर मांडतात, तर असाल्टोत सर्व शिपाई सुरुवातीलाच उभे असतात. शिवाय राखायचा गड वाघबकरीत नाही. जाळी सारखी म्हणून खेळ एकच, असे म्हणण्याइतका हा आधार पुरेसा वाटत नाही.

पट व साहित्य : पट अधिक चिन्हासारखा, ३३ बिंदूंचा. त्यात प्रत्येकी २×२ घरांचे पाच चौक असतात आणि प्रत्येक चौकात एक मोठी फुली. अधिक चिन्हाचा एक हात, म्हणजे ९ बिंदू, वेगळ्या रंगाने गड म्हणून दाखवतात. उरलेल्या २४ बिंदूंवर शिपाई. मोकळी जागा फक्त गडात असते.

पट आखताना नेहमी होणारी चूक फुलीची आहे. फुली प्रत्येक लहान घरात काढली की सगळ्याच बिंदूंतून तिरक्या रेषा फुटतात, अधिकारी भलतेच बलवान होतात आणि डाव एकतर्फी जातो. योग्य पटावर ३३ पैकी १७ बिंदूंतून तिरके जाता येते. उरलेल्या १६ बिंदूंतून फक्त उभे-आडवे. हे १६ ‘चौरेघी’ बिंदू पुढे डावपेचात महत्त्वाचे ठरतात.

मुंबईत सहज मिळणारे साहित्य पुरते. घरोघरी असलेल्या ब्रेनविटाच्या (एकट्याने खेळायच्या गोट्यांच्या खेळाच्या) पाटीला नेमके ३३ खळगे असतात आणि त्यातल्या ३२ गोट्यांपैकी २४ शिपायांना लागतात. अधिकाऱ्यांसाठी दुसऱ्या रंगाच्या दोन गोट्या घ्याव्यात. पाटीवर रेषा नसल्यामुळे तिरक्या चालीवरून भांडणे होतात, म्हणून फुल्या आधी मार्करने आखून घ्याव्यात. कॅरमच्या सोंगट्या घ्यायच्या तर एका संचात काळ्या-पांढऱ्या मिळून १८ च भरतात. उरलेले ६ शिपाई दुसऱ्या संचातून घ्यावे लागतात, पण दोन संचांच्या दोन राण्या अधिकारी म्हणून शोभतात. कॅरमची सोंगटी साधारण ३ सेंमी. व्यासाची, त्यामुळे दोन बिंदूंत ४ सेंमी. अंतर हवे. असा पट ए-३ कागदावर बसतो. चिंचोके घेतल्यास २.५ सेंमी. पुरते आणि ए-४ कागद चालतो. चाळीच्या गॅलरीत शहाबादी फरशीवर खडूने आखलेला पट पावसाळ्यात टिकत नाही. ओल आली की आधी तिरक्या रेषा पुसट होतात आणि नेमका त्यांवरच वाद असतो.

नियम : अधिकारी गडात हव्या त्या दोन बिंदूंवर बसतात. पहिली खेळी बहुधा शिपायांची. शिपाई रेषेवरून एक बिंदू सरकतो, गडाच्या दिशेने सरळ किंवा तिरका. मागे येत नाही, मारतही नाही. आडव्या चालीबाबत नियमपत्रके एकमुखी नाहीत. बाजूच्या हातांच्या गडाकडील टोकाला असलेल्या शिपायांना पुढे रेषाच नसते, तेव्हा निदान त्यांना तरी आडवे सरकू द्यावेच लागते. इतरांनाही ती मोकळीक दिली तर खेळ संथ होतो.

अधिकारी कोणत्याही दिशेने एक बिंदू जातो. लगतच्या शिपायापलीकडचा बिंदू मोकळा असेल तर उडी मारून त्याला उचलतो, आणि एकाच खेळीत अशा अनेक उड्या घेता येतात. मारणे सक्तीचे. संधी असून अधिकाऱ्याने मारले नाही तर तोच पटावरून उचलला जातो. शिपायांनी गडाचे नऊही बिंदू व्यापले किंवा अधिकाऱ्यांची पूर्ण कोंडी केली तर ते जिंकतात. गड व्यापण्याइतके शिपाई उरले नाहीत तर अधिकारी जिंकतात.

शेवटची अट दिसते तेवढी सरळ नाही. १६ शिपाई मारले गेले की ८ उरतात आणि नऊ बिंदू भरणे अशक्य होते, म्हणून काही ठिकाणी तिथेच डाव संपवतात. पण कोंडीला नऊ लागत नाहीत. एक अधिकारी गडाच्या पिछाडीच्या कोपऱ्यात आणि दुसरा त्याच्या शेजारी पिछाडीच्या मधल्या बिंदूवर असेल, तर सहा शिपायांत दोघे जखडले जातात. तेव्हा ८ उरले तरी डाव चालू ठेवणे अधिक न्याय्य. खेळण्यापूर्वी हे ठरवून घ्यावे.

डावपेच : सगळा खेळ सक्तीच्या मारावर फिरतो. अधिकारी गडात असेपर्यंत नऊ बिंदू भरत नाहीत, म्हणून शिपायांना आमिष देऊन त्याला बाहेर काढावे लागते. नवखा खेळाडू आमिष कुठे द्यायचे इथे चुकतो. पटाच्या केंद्रावर उतरलेल्या अधिकाऱ्याला कोंडायला १२ शिपाई लागतात, केंद्रालगतच्या चौरेघी बिंदूवर ८ पुरतात. उडी नेहमी दोन बिंदूंची असल्याने चौरेघी बिंदूवरून उडालेला अधिकारी चौरेघी बिंदूवरच उतरतो. म्हणून तो गडाच्या मधल्या ओळीच्या कडेला असताना त्याला ओढावे, गडाच्या मध्यावर असताना नव्हे.

दुसरी नेहमीची चूक पहिल्याच खेळीत होते. अधिकारी गडाच्या मध्यावर असताना पटाच्या केंद्रावरचा शिपाई सरळ पुढे सरकवला की त्याच्या मागची जागा रिकामी पडते आणि तो फुकट जातो. तोच शिपाई तिरका सरकवून गडाच्या पुढच्या कोपऱ्यात नेला तर अधिकारी कुठेही असला तरी सुरक्षित राहतो, कारण त्याला ओलांडून उतरायच्या सर्व जागा भरलेल्या असतात. मागे येण्याची मुभा नसल्याने पाठीमागचे भोक फक्त त्याहून मागचे शिपाईच बुजवू शकतात, म्हणून पिछाडीचे सहा शिपाई लवकर खर्चू नयेत. अधिकाऱ्यांच्या बाजूने विचार केला तर दोघांनी पिछाडीच्या ओळीत शेजारीशेजारी बसणे हे कोंडीला आमंत्रण होय.

कोणती लढाई? : ‘सिपॉइज’ आवृत्तीचा पट दिल्लीच्या वेढ्याचा असल्याचे काही वेळा गृहीत धरले जाते. रचना तसे सुचवत नाही. १८५७ च्या जून ते सप्टेंबरमध्ये दिल्लीत शिपाई तटाच्या आत होते आणि हल्ला करणारे इंग्रज बाहेर. थोडक्या अधिकाऱ्यांना वेढणारा मोठा जमाव हे चित्र कानपूरच्या जूनमधील वेढ्याशी किंवा, अधिक बरोबर, लखनौच्या रेसिडेन्सीशी (इंग्रज वकिलाच्या निवासाच्या आवाराशी) जुळते. तिथला वेढा जूनअखेरीस सुरू झाला, इंग्रज सेनानी हॅवलॉक आणि औट्रम २५ सप्टेंबरला आत पोचले आणि नोव्हेंबरमध्ये सरसेनापती कॅम्बेलने जागा रिकामी केली. मात्र रेसिडेन्सी राखणाऱ्यांत सुमारे ७०० हिंदी शिपाईही होते. पटावर त्यांना जागा नाही. मुळात असाल्टोची मांडणी ‘सिपॉइज’ नावाआधीची असल्याने हा पट कोणत्याच एका लढाईचा नकाशा मानू नये, हे बरे.

मुंबईत त्या वर्षी वेढा पडला नाही. कटाच्या आरोपावरून ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गडिया यांना १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिले गेले. पटावर मात्र बंडवाले जिंकू शकतात, आणि सक्तीच्या माराचा नियम काटेकोर पाळला तर वरचढही ठरतात. तो सैल सोडल्यास अधिकारी गडात बसून राहतात आणि डाव रेंगाळतो.