दुपारी तीनला बिघडणारं ग्राफिक्स कार्ड

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सकाळी ठणठणीत चालणारा डेस्कटॉप मग दुपारी तीनला रंगीत ठिपके, उभ्या-आडव्या रेघा दाखवायला लागतो, नाहीतर गेम चालू असतानाच पडदा काळा होतो. ‘ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) गेलं’ म्हणून ते बदलायची घाई इथेच होते. आधी गणित पाहा. कार्डावरचा पंखा आणि हीटसिंक (उष्णता शोषणारी धातूची पाती) चिपची उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतात, म्हणून चिप खोलीपेक्षा ठरावीक अंशांनी गरम राहते. पूर्ण भारावर हा फरक ४५ अंश असेल, तर डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत चिप ७० वर असते. मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत तीच ८७ वर. एनव्हिडियाच्या जीफोर्स मालिकेतली बरीच कार्डं ८३ च्या आसपासच आपला वेग उतरवू लागतात.

म्हणून पहिली चाचणी स्क्रू न काढता करा. कार्डाचं तापमान दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडून ठेवा, कार्डावर पूर्ण भार टाकणारा फरमार्क दहा मिनिटं चालवा आणि तापमान व पंख्याचे फेरे लिहून घ्या. एकदा सकाळी सहाला, एकदा भर दुपारी. फक्त दुपारी बिघडत असेल तर संशय थंडाव्यावर. ६० अंशांनाच रेघा येत असतील तर बहुधा उष्णतेचा दोष नाही.

रेघा दिसताच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. तिथे चित्र स्वच्छ असेल, तर बहुधा केबल, मॉनिटर किंवा कार्डाचं आउटपुट पोर्ट बिघडलंय. केबल बदलणं सगळ्यात स्वस्त. चित्रातही ठिपके असतील, तर दोष कार्डाची चिप, तिची मेमरी किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) यांपैकी कशात तरी. दोष ड्रायव्हरचा आहे का हे ओळखायला बायोसचा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगचा, पडदा उघडा. तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालतच नाही, त्यामुळे तिथल्या रेघा हार्डवेअरच्याच. बायोस स्वच्छ आणि विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली, तर चिपने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा चालू केला, एवढंच कळतं. विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर काढून नवा टाका आणि परत तपासा.

भार येताच अख्खा पीसी बंद पडत असेल, तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) तपासा. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स (चार पिनांच्या) जोडणीच्या पिवळ्या-काळ्या तारांवर मल्टीमीटर लावा. भार असताना आकडा ११.४ व्होल्टच्या खाली गेला तर दोष कार्डाचा नाही.

धूळ आमच्याकडे साधी नसते. जिनिंगजवळ कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखे बसतात, आणि खोलीतला कूलर ओलसर हवा मारत असेल तर तेच घट्ट चिकटतात. कूलरचं तोंड कॅबिनेटकडे नको. धूळ उडवायला ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेगाने फिरून बेअरिंग आणि सर्किट दोन्ही दुखावतो. चिप आणि हीटसिंकमधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी लावा. मेमरीवरचे पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारे मऊ तुकडे) बदलायचे तर जाडी मिलिमीटरला मिलिमीटर तीच हवी. जाड पॅडमुळे हीटसिंक चिपला टेकतच नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र स्क्रूला हात लावू नका.

एवढ्यानंतरही ठिपके राहिले, तर आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून मेमरीचा वेग २०० मेगाहर्ट्झने उतरवा. ठिपके गेले तर बहुधा मेमरी चिप थकली आहे. ती बदलता येते, पण नव्या कार्डाचा भाव विचारूनच ठरवा. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा उपाय टाळा: सांधे काही आठवडे तग धरतात, प्लास्टिकचे धूर मात्र स्वयंपाकघरात राहतात.